हात कशाला बाहेर आला

आमच्या इमारतीमागे भाताची एक पट्टी अजून शिल्लक आहे. जूचंद्रला राहायला आलो तेव्हा अशा पट्ट्या पुष्कळ होत्या. आता चारी बाजूंनी सिमेंटचे खांब उभे राहिलेत आणि मधे ही एवढीच, कुणाच्या तरी हट्टाने टिकलेली. परवा तिथलं भात कापलं. दुपारी स्वयंपाकघराची खिडकी उघडली तर उन्हात तापलेल्या पेंढ्याचा वास आत आला. भाजल्यासारखा, किंचित गोड, घशाशी खवखवणारा. लोकांना या वासाने गाव आठवतं, आजोळ आठवतं, नव्या तांदळाचा भात आठवतो. मला एक टळटळीत दुपार आठवते आणि मी खिडकी लावून घेते. इतकी वर्षं झाली, तरी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बावीस वर्षांची, नुकतीच डी.एड. झालेली. नालासोपारा पश्चिमेला आईवडिलांबरोबर दोन खोल्यांत राहत होते. वडील मुंबईत कारकून, मूळ गाव कोकणात, म्हणजे वसईच्या मातीत आम्ही उपरेच. गास गावाच्या पुढे एका वाडीतल्या शाळेतल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि दिवाळीनंतर आठ आठवड्यांसाठी सातवीचा वर्ग मला मिळाला. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

एसटी स्टेशनाबाहेरून निघायची. आधी नव्या इमारती, त्यांचे वाळूचे ढीग, पाण्याचे टँकर. मग एका वळणानंतर एकदम केळीच्या बागा, विहिरी, पानवेलींचे मांडव, रस्त्याच्या कडेला पांढरे क्रूस आणि कापणीला आलेली पिवळी खाचरं. तिकडच्या ख्रिस्ती घरांतून नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. दफनभूमीतल्या कबरींना नुकताच चुना दिलेला असे. त्यांवर सुकलेले झेंडूचे हार आणि वितळून थिजलेलं मेण. भर उन्हात ते सगळं इतकं पांढरं दिसायचं की डोळे बारीक करावे लागत. मला वाटायचं, भीतीला अंधार लागतो हे कुणी ठरवलं? अंधारात माणूस आधीच सावध असतो. खरी भीती दुपारी बारा वाजता घालावी, सगळं स्वच्छ दिसत असताना.

कारण भीती कशी घालायची याचाच मी तेव्हा विचार करत असे. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात भुताखेतांच्या पुस्तकांचं एक कपाट होतं. कव्हरं निघालेली, शेवटची पानं गळालेली. ती सगळी मी दोनदोनदा वाचली होती. इतकी की भीती वाटायची थांबली आणि ती कशी रचतात ते दिसायला लागलं. एखादी आमटी शंभरदा खाल्ली की तिच्यात काय काय घातलंय ते जिभेला कळतं, तसं. पहिल्यांदा काही घडवायचं नाही. घर दाखवायचं, झाड दाखवायचं, दळण, धुणं, कोंबड्या दाखवायच्या. ऐकणारा सैल झाला की त्यातली एकच वस्तू इंचभर सरकवायची. पाहण्याआधी ऐकवायचं. ऐकवण्याआधी थांबायचं. गोष्टीतल्या एका शहाण्या माणसाला म्हणायला लावायचं, "तिथं काही नाही." आणि जे आहे ते पूर्ण कधीच दाखवायचं नाही. टोक दाखवायचं, बाकीचं ऐकणारा स्वतःच्या पदरचं घालतो.

शाळेच्या वाटेवर डावीकडे केळीच्या बागेत एक दुमजली कौलारू घर लागायचं. खाली पडवी, पुढे फणस, वरच्या मजल्याला निळी लाकडी खिडकी. ती खिडकी कधी पूर्ण लावलेली नसे आणि पूर्ण उघडीही नसे. चार बोटांची फट. रोज जाता-येता मी ती फट बघत असे. मला ते घर कुणाचं हे माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. गोष्टीला घर हवं होतं, ते मिळालं होतं.

वर्गात पस्तीसेक मुलं होती. मी उपरी, त्यात तात्पुरती, त्यात त्यांच्यापेक्षा फार मोठी न दिसणारी. पहिला आठवडा माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतच नव्हता. मग एका सोमवारी शेवटच्या तासाला मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "दहा मिनिटं उरलीत. एक गोष्ट सांगते. पण ती एका दिवसात संपणार नाही."

एक घर होतं, मी म्हटलं. केळीच्या बागेत. पुढे फणस होता.

त्या दिवशी गोष्टीत काहीच घडलं नाही. दुसऱ्या दिवशी घरातली माणसं मोजली, तर जेवणारी पाच होती आणि ताटं सहा. तिसऱ्या दिवशी सहावं ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलं जायचं ते सांगितलं. ठेवणारी जिन्यावर दोनदा टकटक करायची आणि मागे न बघता खाली यायची. चौथ्या दिवशी ताट रिकामं झालेलं होतं. आणि कुणीही, घरातलं कुणीही, त्याबद्दल बोलत नव्हतं. मी आवाज बारीक करत नेला तसा वर्ग पुढे झुकला. बाहेर भारे वाहणाऱ्या बायकांच्या हाका, खाचरातल्या विळ्यांची खसखस, सगळं ऐकू येत होतं आणि तरी वर्गात एवढी शांतता की खडू ठेवला तर दचकतील. मधल्या सुट्टीत मुलं माझ्याभोवती कोंडाळं करू लागली. "बाई, वर कोण आहे एवढंच सांगा." मी हसायचे. पस्तीस मुलांचा श्वास आपल्या मुठीत आहे, ही भावना मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. खोटं कशाला सांगू, ती मला चढली होती.

तिसऱ्या बाकावर रोझलिन नावाची मुलगी बसे. दोन घट्ट वेण्या, कधी स्वतःहून बोलणार नाही अशी. ती गोष्ट ऐकताना वहीत काहीतरी टिपून घ्यायची. मी एकदा विचारलं, "काय लिहितेस गं?"

"विसरू नये म्हणून, बाई. घरी सांगायची असते."

मला आनंद झाला. कुणाला सांगायची असते, हे विचारावंसं वाटलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची. त्या दिवशी मी फट दाखवली. वरच्या निळ्या खिडकीची, चार बोटांची. बारा वाजले, ऊन डोक्यावर आलं, फणसाखाली कोंबड्याही गप्प झाल्या. मी थांबले. टेबलावरच्या तांब्यातलं पाणी प्यायले, सावकाश. मग सांगितलं की त्या फटीतून एक हात बाहेर आला. मनगटापासून पांढरं फडकं गुंडाळलेला. "आणि त्या हाताला," मी म्हटलं, "बोटं नव्हती." तेवढ्यात घंटा झाली.

मुली किंचाळल्या, मुलगे बाक वाजवायला लागले, सगळे हसतही होते. रोझलिन हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी पुष्कळ घाबरलेली मुलं पाहिली आहेत, तेव्हाही पाहिली होती. ही त्या जातीची नजर नव्हती. आपल्या घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं ती माझ्याकडे बघत होती. वही तिने दप्तरात घातलीच नाही, छातीशी धरून गेली.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. वर्गात मात्र काहीतरी शिजत होतं. मी आले की कुजबुज थांबायची. बुधवारी मॉनिटर सुवर्णा टेबलाशी आली आणि खाली बघत म्हणाली, "बाई, गोष्टीतलं घर आम्हाला सापडलं. रोझलिनचंच आहे."

मला हसूच आलं. म्हटलं, "अगं, गोष्टीतलं घर खरं नसतं."

"निळी खिडकी आहे, बाई. फणस आहे. काल शाळा सुटल्यावर सगळे गेले होते. भूत बाहेर काढायला." ती थांबली. मी शिकवलं होतं तसंच, बरोबर जागेवर थांबली. "दगड मारले. आतून कुणीतरी ओरडलं."

मी खुर्चीवर बसले. पुढचा तास गणिताचा होता. मी फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही.

गुरुवारी शाळा सुटायच्या वेळी रोझलिनचे वडील आले. सायकल भिंतीला टेकवली, पायातली माती आवाराच्या कडेला झाडली आणि व्हरांड्यात उभे राहिले. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग असलेला माणूस. मी मनात माफीची वाक्यं जुळवत बाहेर गेले. पण ते रागावलेले नव्हते. आवाज इतका खाली होता की मला जवळ जावं लागलं.

"बाई, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय कोणी सांगितलं?"

"ताटाचं. जिन्याचं. हाताचं."

"कुणीच नाही. मी रचलं ते. गोष्टीच्या पुस्तकांतून असतं तसं."

 ते म्हणाले, "मग आमच्या घरातलं कसं रचलंत?"

 मी शेकडो भयकथा वाचल्या असतील, एकीतही असं वाक्य नव्हतं. समोर शाळेचं आवार, मुलं लंगडी खेळताहेत, नळाला पाणी आलंय, आणि एक साधा शेतकरी मला सांगतोय की मी रचलेलं सगळं त्याच्या घरात रोज घडतं.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात होतं. वर त्यांची धाकटी बहीण फिलोमेना राहत होती. तिला कुष्ठरोग झाला होता. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही, "तो आजार" म्हणाले. औषध उशिरा सुरू झालं, पण झालं, गोळ्या पूर्ण घेतल्या, बरी झाली. आता तिच्यापासून कुणाला काही व्हायचं नव्हतं.

"डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. कागद आहे घरात."

"मग त्या वर का?"

"बोटं तोवर गेली होती. कागद कोण वाचतो, बाई? हात सगळे वाचतात." त्यांनी सायकलच्या सीटवरून हात फिरवला. "दोन मुली आहेत मला. मोठ्या ॲग्नेसचं जानेवारीत लग्न ठरलंय. गावाला सांगितलंय, बहीण मुंबईला मठात असते. सात वर्षं झाली. तुम्ही उद्या वर्गात एवढंच सांगा, की सगळं खोटं होतं, तसं घर नाही, वर कुणी नाही. एवढं करा."

मी "हो" म्हटलं. तेव्हा मी कशालाही हो म्हटलं असतं. मग विचारलं, "त्यांना लागलंय का?"

"कपाळाला. फार नाही." ते सायकल काढत होते. जाता जाता नाइलाजाने म्हणाल्यासारखं म्हणाले, "ती म्हणते, बाईंना वर घेऊन ये."

त्या घरापर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. ते सायकल ढकलत पुढे, मी मागे. पडवीत ॲग्नेस तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. जिना लाकडी होता, चढताना वाजणारा. मी कितीतरी गोष्टींतून असे जिने चढले होते आणि ते कसे चढवायचे हे मला ठाऊक होतं. प्रत्येक पायरीला एक वाक्य. इथे पायऱ्या अकरा होत्या आणि माझ्या डोक्यात एकही वाक्य नव्हतं. वरच्या पायरीवर पितळी ताट पालथं घातलेलं होतं.

खोली उजेडाची होती. याचाच मला पहिला धक्का बसला. एक खाट, भिंतीवर क्रूस, त्याला अडकवलेली जपमाळ, छोटा रेडिओ. फळीवर रोझलिनची पहिलीपासूनची सगळी पाठ्यपुस्तकं ओळीने लावलेली. खाटेवर एक बाई बसल्या होत्या. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला, त्याच्याखाली भुवईवर पट्टी. पायाशी रोझलिन. हात त्यांनी मांडीवर मोकळे ठेवले होते. उजव्या हाताची बोटं पेरांपाशी संपली होती, डाव्याची थोडी शिल्लक होती. मी बघायचं नाही असं ठरवून आले होते आणि पहिल्यांदा तेच बघितलं.

"बसा, बाई," त्या म्हणाल्या. घरात त्यांची वेगळी बोली चालायची, ती मला नीट कळत नसे. माझ्याशी त्या पुस्तकातली मराठी बोलत होत्या, सांभाळून, खूप दिवस न घातलेली साडी नेसल्यासारखी. "तुम्ही फार चांगली सांगता. ही रोज येऊन मला सांगते. संध्याकाळ कधी होते असं व्हायचं मला. ते सहावं ताट आलं तेव्हा तर मी घाबरले."

 माझ्या गोष्टीची सर्वांत मन लावून ऐकणारी वर्गात नव्हतीच. ती इथे होती. जिच्या घरातून मी सगळं सामान उचललं होतं, तीच त्या फटीमागे बसून पुढच्या भागाची वाट बघत होती. स्वतःलाच घाबरत होती आणि तिला ते माहीत नव्हतं.

"पण शनिवारपासून ही काही सांगत नाही," त्या म्हणाल्या. "ताप आला म्हणते. ताप नाही. वही पण लपवून ठेवलीन. मग पोरांनी दगड मारले. शनिवारी काय झालं गोष्टीत?"

रोझलिनने माझ्याकडे पाहिलं, नकारार्थी मान हलवली. खाली तांदूळ निवडण्याचा आवाज थांबला होता.

मला टाळता आलं असतं. काहीतरी वेगळं रचून सांगता आलं असतं, तेवढं कसब होतं माझ्याकडे. पण त्या खोलीत आणखी काही रचायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "खिडकीतून एक हात बाहेर आला. फडकं गुंडाळलेला. त्याला बोटं नव्हती."

 आपल्या हातांकडे त्यांनी बघितलं नाही. खिडकीकडे बघितलं. मग विचारलं, "पोरं घाबरली?"

"हो."

"आणि हात कशाला बाहेर आला?"

"म्हणजे?"

"हात उगाच बाहेर येत नाही ना, बाई. काही घ्यायला येतो, नाहीतर द्यायला. दुपारी इथं ऊन येतं, कडी तापते. मला चटका कळत नाही, भाजून फोड आला की कळतं. म्हणून फडकं गुंडाळून खिडकी ओढून घेते मी." त्यांनी हे एखाद्या नवख्या बाईला चूल दाखवावी तसं सांगितलं. "तुमच्या गोष्टीतला हात कशाला आला?"

 मी विचारच केला नव्हता. हात भीती घालायला आला होता, एवढंच. तो कुणाचा, त्याला काय हवं, हे विचारलं की भीती संपते. म्हणून ते विचारायचंच नाही, ही त्या कलेची पहिली अट. ती अट मी इतकी चांगली शिकले होते की ती अट आहे हेही विसरले होते.

"आणि ताट," त्या म्हणाल्या. "रिकामं असायचं म्हणालात. धुतलेलं असायचं का, ते नाही सांगितलंत. मी धुऊन ठेवते."

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. बाहेर ऊन कलत होतं, खाचरांत कापलेल्या भाताचे भारे पडले होते.  पुढे कित्येक वर्षं मी या दिवसाचा विचार केला आहे आणि प्रत्येक वेळी एकाच प्रश्नाशी येऊन थांबते. बंद खिडकी, जिन्यावरचं ताट, घरात कुणी घेत नाही असं एक नाव, हे सगळं मी पुस्तकांतून घेतलं होतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आणखी जुन्या पुस्तकांतून घेतलं असेल. पण सर्वांत आधी ते कुठून आलं असेल? कुठल्या तरी घरात खरोखरच कुणाला तरी वर ठेवलं असेल. वाटेने जाणाऱ्या कुणीतरी फट पाहिली असेल आणि दार वाजवण्याऐवजी गोष्ट सांगितली असेल. आज मी ज्यांना शिकवते त्या मुलांनाही भुताची गोष्ट हवी असते, आणि मी सांगतेही. पण मधेच कुणीतरी घाबरून डोळे मिटले की मी गोष्ट थांबवते, का ते त्यांना कळत नाही.

शुक्रवारी शेवटच्या तासाला मी वर्गासमोर उभी राहिले. रोझलिनच्या वडिलांना दिलेला शब्द मला पाठ होता. सगळं खोटं होतं, वर कुणी नाही. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य आलं नाही. वर कुणी नाही, हे तर सात वर्षं चाललेलंच होतं. मी तेच पुन्हा म्हणणार होते, शिवाय बाईंच्या अधिकाराने.

मी म्हटलं, "गोष्टीतली मुलगी जिना चढून वर गेली. वरच्या पायरीवर ताट होतं. तिने उचलून पाहिलं. ताट धुतलेलं होतं. निथळायला पालथं घातलेलं होतं."

कुणी हललं नाही. मी थांबले, पण या वेळी मुद्दाम नाही. खिडकीबाहेर पेंढ्याची धूळ उन्हात तरंगत होती.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "भूत कशाला ताट धुईल?"

"नाही धुणार."

"मग आत माणूस आहे, बाई."

"हो."

सुवर्णाचा चेहरा बदलताना मी पाहिला. ती हळूच म्हणाली, "म्हणजे आम्ही माणसाला दगड मारला."

त्या दिवशी कुणी किंचाळलं नाही, बाक वाजवले नाहीत. घंटा झाल्यावरही मुलं बसून होती. त्यांना एवढं घाबरलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. मलाही त्यांची भीती वाटत होती, कारण ही भीती मी रचलेली नव्हती.

सोमवारी रोझलिन शाळेत आली. तिच्या बाकावर कुणीतरी पेरू ठेवले होते. शुक्रवारी संध्याकाळी तिघं-चौघं मुलं तिच्या घरी जाऊन पडवीत उभी राहिली होती, काही न बोलता परत गेली होती, असं सुवर्णाने सांगितलं. मला वाटलं, संपलं. गोष्टी अशा संपतात अशी माझी समजूत होती.

दहा-बारा दिवसांनी ॲग्नेसचं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी दुसऱ्याच कुणाच्या तोंडून निरोप पाठवला, कारण दिलं नाही. माझ्या शब्दाने मोडलं की पोरांच्या दगडांनी, की ते कधीतरी मोडणारच होतं, मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की शब्द मी दिला होता आणि मी मोडला. मुख्याध्यापकांनी बोलावून मला एकच विचारलं, "तुम्हाला कुणी अधिकार दिला होता?" मी म्हटलं, "नाही, सर." 

लपवायला काही उरलं नाही तेव्हा फिलोमेनाबाई खाली आल्या. पहिल्यांदा पडवीत बसल्या. मग विहिरीपर्यंत गेल्या. मग एका रविवारी चर्चमध्ये मागच्या रांगेत बसल्या आणि त्यांच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. त्यापुढच्या रविवारी एक म्हातारी येऊन बसली. हे सगळं मला रोझलिन सांगायची, मधल्या सुट्टीत, वहीत टिपल्याप्रमाणे एकेक.

नाताळच्या तोंडावर रजेवरच्या बाई परतल्या. शेवटच्या दिवशी मी त्या घरी गेले. खळ्यावर झोडणी चालली होती. ॲग्नेस पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून फळीवर आपटत होती. बाजूला सावलीत फिलोमेनाबाई बसल्या होत्या, दोन तळहातांत काठी धरून कोंबड्या हाकत. मला बघून त्यांनी काठी किंचित उंचावली. रोझलिनच्या वडिलांनी मला पाहिलं आणि पाठ केली. ते पुढेही कधी माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

मी फार वेळ थांबले नाही. ॲग्नेस घाम पुसत माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. ती याआधी माझ्याशी एक शब्दही बोललेली नव्हती. स्टॉपवर आम्ही दोघी उभ्या होतो, तिच्या केसांत भाताचा भुसा अडकला होता.

"बाई," ती म्हणाली, "झालं ते बरंच झालं असं कुणी म्हणालं तर खरं मानू नका. मी भेटले होते त्याला. चांगला होता."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने ऐकून घेतलं नाही, तिला बोलायचं होतं.

"निरोप आला त्या दिवशी दुपारी ताट न्यायची वेळ झाली. सात वर्षं मीच नेत होते, आई बागेत असायची. ठेवायचं, दोनदा जिना वाजवायचा, खाली यायचं. आईने तसं शिकवलं होतं, वर बघायचं नाही. रोझलिन ऐकायची नाही, मी ऐकलं. त्या दिवशी मी ताट ठेवलं नाही. तशीच आत गेले. तुझ्यामुळे माझं लग्न मोडलं, हे तोंडावर सांगायचं होतं मला."

लांबून एसटीचा आवाज यायला लागला.

"तिचे केस पांढरे झालेत, बाई. सगळे. वर गेली तेव्हा काळेभोर होते, कमरेपर्यंत. माझी वेणी तीच घालायची. रोज दोन वेळा ताट नेत होते मी आणि मला माहीतच नव्हतं."

"मग सांगितलंस तिला?"

"नाही," ॲग्नेस म्हणाली. "ती जेवेपर्यंत बसून राहिले."